खोल पाण्यातील मुशी आणि मुद्दलाचा हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी. हिंगण्यात आमचे दुकान आहे. येथून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो मैल दूर. आमच्या बाजारात जी मासळी येते ती बहुतेक तलावाची आणि नदीची : रोहू, कतला, मरळ. तेव्हा खोल समुद्रातील एका माशाविषयी आम्ही व्यापाराच्या पानावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण प्रसंगच तसा घडला.

आमचा भाचा एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्यात कामाला आहे. पगारात भागत नाही म्हणून तो जोडधंद्याच्या शोधात असतो. गेल्या हिवाळ्यात तो दुकानात आला आणि गल्ल्यावर एक बाटली ठेवून म्हणाला, "मामू, या मालाची जिल्ह्याची एजन्सी मिळते आहे. दोन लाख डिपॉझिट आहे. निम्मे तुम्ही घाला." बाटलीत पिवळसर, चकाकणाऱ्या कॅप्सूल होत्या. लेबलवर निळ्या पाण्यात पोहणाऱ्या शार्कचे चित्र आणि खाली लिहिलेले : खोल समुद्रातील शार्कच्या यकृताचे तेल. गुडघेदुखीपासून अशक्तपणापर्यंत सर्व तक्रारींवर गुणकारी.

आम्ही त्याला विचारले, "बेटा, हा मासा कोणता? दिसतो कसा? राहतो कोठे? त्याची पैदास किती?" भाच्याला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. थान खरेदी करताना आम्ही सूत कोणते, काउंट किती, रंग पक्का की कच्चा, अर्ज किती, हे सर्व विचारतो. मग दोन लाखांचा माल केवळ चित्र पाहून कसा घ्यावा? आणखी एक कारण होते. बऱ्याच वर्षांपूर्वी शार्कचे चित्र असलेली एक बाटली आमच्या घरात येऊन गेली होती. तिच्याविषयी पुढे लिहू. भाच्याला आम्ही मुदत मागितली आणि चौकशीला लागलो. त्या चौकशीत जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण असा माल आज ना उद्या तुमच्याही दुकानात येईल.

हाडाविना मासा

प्रथम हा मासा कोणत्या बिरादरीचा ते पाहू. आपण खातो ते रोहू, पापलेट, सुरमई हे हाडवाले मासे. दुसरी एक जुनी बिरादरी अशी आहे की तिच्या अंगात खरे हाड नसते. मटणाच्या दुकानात आपण जिला कुरकुरी हड्डी म्हणतो, जी आपल्या नाकाच्या शेंड्यात आणि कानाच्या पाळीत असते, तिचाच त्यांचा सांगाडा. मराठीत तिला कास्थी म्हणतात, म्हणून हे कास्थिमत्स्य. शार्क, पाकट आणि खोल पाण्यातील चिमेरा नावाचे विचित्र मासे या बिरादरीत मोडतात. शार्कला आपले कोकणातील मच्छीमार मुशी म्हणतात, मालवणकडे मोरी म्हणतात. मणके आणि जबडा यांवर चुन्याच्या क्षारांचा थर बसून ते भाग घट्ट होतात, पण बाकी सारा सांगाडा लवचीक आणि वजनाने हलका राहतो.

माशाला पाण्यात तरंगत राहण्यासाठी हलकेपणा लागतो. बहुतेक हाडवाल्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. कास्थिमत्स्यांत ती नसते. त्यांना तरंगण्याची सोय दुसऱ्या मार्गाने करावी लागते. ती सोय म्हणजेच भाच्याच्या बाटलीतील तेल. पण आधी माशाचे रूप पाहू.

रंगरूप

ज्या माशाच्या यकृतासाठी जगभर व्यापार चालतो त्याला इंग्रजीत गल्पर शार्क म्हणतात. शास्त्रीय नाव सेंट्रोफोरस. ग्रीक भाषेतील या नावाचा अर्थ काटा बाळगणारा. हा एक मासा नसून अनेक जाती आहेत. भारताच्या पाण्यात यांपैकी काही जाती सापडतात. लहान जात सुमारे हातभर ते मीटरभर लांब, मोठ्या जाती दीड मीटरच्याही पुढे जातात. म्हणजे लेबलवरच्या चित्रातील अक्राळविक्राळ शार्कशी याचा काही संबंध नाही. तो माणसावर हल्ला करणारा प्राणी नव्हे.

अंग सडपातळ, मधे किंचित फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते, धोट्यासारखे. मागाचा धोटा ज्याने हाताळला आहे त्याला हा आकार चटकन लक्षात येईल. रंग राखाडी किंवा करडा-तपकिरी, पोटाकडे थोडा फिका. कोठेही पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. पाठीवर दोन पर आणि प्रत्येक पराच्या पुढे एक मजबूत काटा. या काट्याला लांबीच्या दिशेने खाच असते. हीच त्याची मुख्य ओळख. शेपटीजवळ पोटाखाली बहुतेक शार्कना एक पर असतो, तो या माशाला नाही. छातीच्या परांचा आतला कोपरा मागे ओढून टोकदार केल्यासारखा दिसतो, जणू दुपट्ट्याचा पदर. वरच्या आणि खालच्या जबड्याचे दात सारखे नसतात. खालचे दात मोठे, पात्यासारखे आणि एकमेकांना लागून, म्हणजे सुरीची एक सलग धार. भक्ष्य धरायचे आणि कापायचे. त्याचे अन्न म्हणजे लहान मासे, माकूळ आणि कोळंबीच्या जातीचे जीव.

पण पाहणारा थबकतो तो डोळ्यांपाशी. डोळे फार मोठे आणि हिरवट चमकणारे. रात्री रस्त्यावर मांजराचे डोळे जसे गाडीच्या दिव्यात चमकतात तसाच हा प्रकार. डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो. आत आलेला प्रकाश एकदा निसटला तर तो थर त्याला परत फेकतो आणि डोळ्याला दुसऱ्यांदा वापरायला देतो. जेथे उजेडाची टंचाई आहे तेथे त्याची अशी काटकसर केलेली असते. याशिवाय थुंतरीवर बारीक छिद्रे असतात. त्यांत चिकट द्रव भरलेला असतो आणि दुसऱ्या जीवाच्या हालचालीतून निघणारी विजेची अतिसूक्ष्म चाहूल त्यांतून कळते. अंधारात डोळे कमी पडले तर ही दुसरी नजर.

कातडी : थोडे आमच्या धंद्याचे

शार्क म्हटले की कापडवाल्याला शार्कस्किन आठवणारच. अब्बांच्या काळात पांढऱ्या शार्कस्किनची पँट म्हणजे रुबाब होता. गिऱ्हाईक विचारी, ही माशाची कातडी आहे काय? अब्बा हसून सांगत की हे निव्वळ नाव आहे. लोकरीच्या शार्कस्किनमध्ये ताण्याला आणि बाण्याला एक गडद व एक फिका असे धागे आलटून पालटून लावतात आणि ट्विलची वीण घालतात, म्हणून पृष्ठभागावर बारीक पायऱ्यांसारखी तिरपी नक्षी दिसते. पुढे हेच नाव कृत्रिम रेशमाच्या गुळगुळीत, कडक कापडालाही मिळाले. माशाचा त्यात अंशही नाही.

खऱ्या मुशीच्या कातडीची गोष्ट निराळी. तिच्यावर हाडवाल्या माशांसारखे खवले नसतात. बारीक बारीक दात असतात. हे आम्ही उपमा म्हणून म्हणत नाही. प्रत्येक कणात आत मगज, त्यावर दंतद्रव्य आणि वर कडक आवरण, अशी आपल्या दाताचीच रचना असते. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ लागते, उलट फिरवला तर पॉलिश कागदासारखे खरचटते. म्हणून पूर्वी सुतार वाळलेली मुशीची कातडी लाकूड घासायला वापरीत. गल्परच्या काही जातींत हे कण ठोकळ्यांसारखे बसके असतात, तर एका मोठ्या जातीत देठावर उभ्या पानांसारखे. त्यावरून जाती ओळखायला मदत होते.

उर्दूत कीमुख्त हा शब्द आहे. कीमुख्त म्हणजे घोड्याच्या किंवा गाढवाच्या पुठ्ठ्याचे मुद्दाम दाणेदार केलेले चामडे. हा दाणेदारपणा मुशी आणि पाकटाच्या कातडीत उपजत असल्याने पुढे युरोपात पेट्यांना आणि डब्यांना ती कातडी मढवू लागले. जपानात तलवारीच्या मुठीला पाकटाची कातडी लावीत, म्हणजे घामाने पकड सुटत नाही. अलीकडे, २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या वेळी, स्पीडो कंपनीने मुशीच्या कातडीवरून सुचलेला फास्टस्किन नावाचा पोहण्याचा पोशाख आणला. परंतु २०१२ साली हार्वर्ड विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत असे दिसले की खरी कातडी वेग वाढवते, त्या कापडाच्या पृष्ठभागाचा मात्र तसा भरवशाचा फायदा आढळत नाही. नक्कल आणि अस्सल यांतला फरक कापडवाल्याला नवा नाही.

उलटा कळसूबाई

आता हा मासा राहतो कोठे? नागपूरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच आहे. म्हणजे आम्ही दुकानात बसतो त्या गादीपासून समुद्राची पातळी जितकी खाली, तितकेच पुन्हा समुद्राच्या पृष्ठभागाखाली उतरले की गल्परच्या वस्तीची वेस लागते. साधारण दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत आणि काही जाती त्याहूनही खोल. आपला कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. तो उलटा करून समुद्रात धरला तर त्याच्या पायथ्यापासून शिखरापर्यंतच्या उतारावर या माशांची वस्ती आहे असे समजावे. सपाट तळापेक्षा उतार त्यांना जास्त मानवतो. जमिनीचा कठडा जेथे संपतो आणि तळ एकदम खाली घसरू लागतो, तेथे ते आढळतात.

दोनशे मीटरच्या खाली सूर्यप्रकाश इतका मंदावतो की वनस्पती जगू शकत नाही. हजार मीटरखाली तो पूर्ण संपतो. पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाने वाढतो. आठशे मीटरवर अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ऐंशी किलोहून अधिक भार. अरबी समुद्रात वर पाणी कोमट असले तरी तेवढ्या खोलीवर ते दहा अंशांच्या आसपास थंड असते. शिवाय अरबी समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायू फार कमी आहे. थंडी, अंधार, दाब, कमी हवा आणि कमी अन्न, अशा ठिकाणी सर्व व्यवहार सावकाश चालतो. हे सावकाश चालणे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सारा हिशेब त्यावर आहे.

मुंबईच्या मच्छीमाराच्या जाळ्यात हा मासा का येत नाही, याचेही उत्तर तळाच्या आकारात आहे. मुंबईसमोर समुद्राचा उथळ कठडा सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. खोल पाणी गाठायलाच तितके जावे लागते. दक्षिणेकडे केरळात हा कठडा अरुंद होत जातो आणि उतार किनाऱ्याजवळ येतो. म्हणून खोल पाण्यातील मुशी उतरते ती प्रामुख्याने कोची बंदरात. ती आणणारे बरेचसे मच्छीमार तामिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यातील तुत्तूर भागाचे. लांब दोरीला शेकडो गळ लावून ते आठवडेच्या आठवडे समुद्रात राहतात. कोचीतच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे आणि तिचे शास्त्रज्ञ बंदरावर उतरणाऱ्या या माशांची नोंद ठेवतात.

गल्परचे शेजारीही पाहण्याजोगे आहेत. ब्रॅम्बल नावाच्या मोठ्या मुशीच्या अंगावर बाभळीच्या खोडासारखे काटे विखुरलेले असतात. लांब नाकाचा चिमेरा असतो. त्याचे नाक चपट्या पात्यासारखे पुढे आलेले, कातडी गुळगुळीत, कल्ल्यांवर झाकण आणि दातांऐवजी चावण्याच्या पट्ट्या. आणि एक लहान काळसर पाकट, ज्याचे डोळे जवळजवळ निकामी झालेले आहेत. एकाच अंधारात एकाने डोळे मोठे केले आणि दुसऱ्याने सोडूनच दिले.

हे पाकट जगाला कसे कळले, त्यात मुंबईचा वाटा आहे. मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेले 'इन्व्हेस्टिगेटर' नावाचे सर्वेक्षण जहाज हिंदुस्थानच्या किनाऱ्यांभोवती खोली मोजीत फिरत असे. त्यावर १८८८ पासून डॉ. आल्फ्रेड अल्कॉक हे शल्यचिकित्सक आणि निसर्गशास्त्रज्ञ म्हणून होते. खोल पाण्यात जाळे टाकून जे वर येई त्याची ते नोंद करीत. अंदमानच्या समुद्रातील एका खोल पाण्याच्या लहान शार्कचे वर्णन त्यांनी १८९१ साली केले, तर केरळच्या किनाऱ्यासमोरील या अंध पाकटाचे १८९८ साली. तो संग्रह कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला. आपल्या कारागिरांनी बांधलेल्या जहाजाने हा अंधारातील मुलूख प्रथम उजेडात आणला, हे कारागीर वाचकांना सांगितलेच पाहिजे.

यकृतातील तेल

आता बाटलीकडे येऊ. हवेची पिशवी नसल्याने हा मासा आपल्या यकृतात तेल साठवतो. गल्परचे यकृत शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे आणि कधी त्याहूनही मोठे असते. पोट उघडले की प्रथम तेच दिसते. पाच किलोच्या माशात किलोभर यकृत. त्या तेलाचा मोठा भाग स्क्वालीन नावाच्या पदार्थाचा. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा बरेच हलके असल्याने माशाला तोलून धरते. हवा दाबाखाली चेपली जाते, तेल जवळजवळ चेपले जात नाही. म्हणून खोल पाण्यासाठी ही सोय हवेच्या पिशवीहून उत्तम. म्हणजे आपण ज्याला औषध समजून विकतो ते माशासाठी तरंगण्याचे साधन आहे.

१९०६ साली त्सुजिमोतो या जपानी रसायनशास्त्रज्ञाने शार्कच्या तेलात हा पदार्थ शोधला. शार्कच्या एका लॅटिन नावावरूनच त्याला स्क्वालीन म्हणतात. त्यावर प्रक्रिया करून टिकाऊ केलेला प्रकार म्हणजे स्क्वालेन. तो क्रीम, लोशन आणि लिपस्टिकमध्ये वापरतात, कारण त्वचेवर तो तेलकट न वाटता पसरतो. काही लशींतही स्क्वालीन वापरले गेले आहे. मात्र हेही सांगावे लागेल की हा पदार्थ माणसाच्या शरीरात आपोआप तयार होतो. आपल्या त्वचेच्या तेलात तो असतो. जे घरात तयार होते ते बाटलीतून विकत घेतल्याने गुडघा बरा होतो, असा पुरावा आम्हाला मिळाला नाही.

जुन्या लोकांना मुंबईचे शार्क लिव्हर ऑईल आठवेल. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड लिव्हर ऑईल येणे बंद झाले तेव्हा मुंबई आणि मद्रास प्रांतांत शार्कच्या यकृताचे तेल काढण्याचे काम सरकारने सुरू केले. पण तो माल वेगळा. तो किनाऱ्याजवळच्या मुशीचा आणि त्याची किंमत अ जीवनसत्त्वासाठी. युद्धानंतर कारखान्यात अ जीवनसत्त्व बनू लागले आणि त्या तेलाचे महत्त्व उतरले. भाच्याच्या बाटलीवर दोन्ही तेलांचे गुण एकत्र छापलेले होते. सुती आणि टेरिकॉट एकच म्हणून विकण्यासारखे हे झाले.

मुद्दल आणि व्याज

आता खरा हिशेब. कोंबडी रोज अंडे देते. रोहू एका हंगामात लाखो अंडी घालतो. गल्पर मुशी अंडी घालीत नाही, पिल्ले जन्माला घालते. काही जातींत एका वेळी एकच पिल्लू. गर्भकाळ सुमारे दोन वर्षे. मादी वयात यायलाच बरीच वर्षे लागतात. पाठीवरच्या काट्यात झाडाच्या खोडासारखी वलये असतात, ती मोजून वय काढतात. त्या मोजणीत एका मोठ्या जातीचे मासे सत्तर वर्षांपर्यंतचे निघाले आहेत. म्हणजे जाळ्यात आलेली एखादी मुशी आमच्यापेक्षाही वयाने मोठी असू शकते.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर या माशात मुद्दल मोठे आणि व्याज अत्यंत थोडे. वर्षाला जेवढी नवी पैदास, तेवढेच काढले तर धंदा टिकेल. त्याहून जास्त काढले की आपण मुद्दल खाऊ लागलो. गल्ल्यात रोकड दिसते म्हणून दुकान नफ्यात आहे असे समजणारा व्यापारी आपण सर्वांनी पाहिला आहे. कपाटे रिकामी होतात तेव्हा त्याला कळते.

असे घडलेही आहे. आपल्या शेजारच्या मालदीवमध्ये १९८० च्या सुमारास गल्पर शार्कची मासेमारी सुरू झाली. तेल जपानला जाऊ लागले, भाव चांगला होता, लोक उतरले. काही वर्षांतच मासा इतका कमी झाला की धंदा बसला. पुढे २०१० साली मालदीवने सर्वच शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स किनाऱ्यासमोर एकाच उतारावर १९७६-७७ आणि पुन्हा १९९६-९७ मध्ये जाळी टाकून मोजणी झाली. वीस वर्षांत गल्परचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले होते. आपल्या कोचीत हा माल मोठ्या प्रमाणात उतरू लागला तो या शतकाच्या आरंभी. भारतात आढळणारी लहान गल्परची जात आज जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे.

यात कन्याकुमारीच्या मच्छीमाराला दोष देऊन भागणार नाही. तो जिवावर उदार होऊन समुद्रात जातो. त्याच्या पदरी किती पडते आणि कॅप्सूलच्या बाटलीवर किती छापले जाते, हे आपल्यासारख्यांना कोणी समजावून सांगायला नको. मागाशेजारी बसलेल्या मोमिनपुऱ्याच्या आणि कामठीच्या विणकरालाही हाच अनुभव आहे. मागणी तयार करतो तो विकणारा. म्हणून जबाबदारीही आपली.

पहिली बाटली

आता त्या पहिल्या बाटलीविषयी. १९९७ साली अब्बांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी कर्करोग सांगितला. त्या काळात एक गोष्ट सगळीकडे पसरली होती की शार्कला कर्करोग होत नाही. अमेरिकेत १९९२ साली याच नावाचे एक पुस्तक निघाले होते आणि शार्कच्या कास्थीची भुकटी कॅप्सूलमध्ये भरून जगभर विकली जात होती. आमच्या ओळखीच्या एका माणसाने ती आणून दिली. एका बाटलीच्या पैशात पॉपलीनचे अख्खे थान येत असे. आम्ही सात बाटल्या घेतल्या. डॉक्टरांचे औषध महाग पडते म्हणून मधे एक महिना ते थांबवून केवळ या कॅप्सूलवर राहिलो. पावसाळा संपता संपता अब्बा गेले. सातवी बाटली अर्धी उरली.

पुढे खरे काय ते हळूहळू बाहेर आले. शार्कला कर्करोग होतो. त्याच्या अंगातील गाठींच्या नोंदी शास्त्रज्ञांकडे आहेत, कास्थीतल्या गाठींच्यासुद्धा. रुग्णांवर घेतलेल्या चाचण्यांत या भुकटीचा उपयोग दिसून आला नाही. २००० साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने असे दावे करून माल विकणाऱ्यांवर कारवाई केली. आमच्यासाठी तोपर्यंत उशीर झाला होता. अब्बांनी आयुष्यभर थान उलगडून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय घेतले नाही. त्यांच्यासाठीची बाटली मात्र आम्ही लेबल वाचून घेतली. मधला तो एक महिना आजही आमच्या मनातून जात नाही. अब्बा त्या औषधाने वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. पण थांबवायला नको होते.

दुसरा मार्ग

स्क्वालीन हवेच असेल तर ते माशातूनच काढले पाहिजे असे नाही. ऑलिव्हच्या तेलाच्या शुद्धीकरणात उरणाऱ्या भागातून ते मिळते. उसाच्या साखरेवर यीस्टची क्रिया करून स्क्वालेन बनवण्याची पद्धत आता व्यापारी प्रमाणावर चालते. आणि आपल्या ओळखीच्या राजगिऱ्यातही ते आहे. राजगिऱ्याच्या दाण्यात तेल थोडे, शेकडा सहा-सात. त्या तेलात स्क्वालीन शेकडा पाच ते आठ. म्हणजे एका क्विंटल राजगिऱ्यामागे जेमतेम अर्धा किलो. म्हणून ते महाग पडते आणि म्हणूनच लोक माशाच्या यकृताकडे वळतात, जेथे निम्म्याहून अधिक तेल तेच असते. स्वस्ताईचे कारण एवढेच की माशाच्या त्या संथ वाढीची किंमत कोणीच मोजत नाही. २००८ साली युनिलिव्हर आणि लॉरियाल यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी शार्कचे स्क्वालीन सोडून वनस्पतीकडे वळण्याचे जाहीर केले. मोठ्यांना जमते ते लहानांनी निदान विचारात घ्यावे.

असा माल समोर आला तर व्यापारी बांधवांनी पुढील गोष्टी विचाराव्यात. एक, स्क्वालीन किंवा स्क्वालेन लिहिले असेल तर ते माशाचे की वनस्पतीचे, हे लेखी मागावे. प्रयोगशाळेत कार्बनच्या तपासणीवरून हा फरक कळू शकतो, त्यामुळे विकणाऱ्याने खोटे लिहून देणे सोपे नाही. दोन, माशाचे असेल तर जात कोणती. शार्कच्या काही जाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, शार्कच्या परांच्या निर्यातीवर २०१५ पासून बंदी आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी बदलली आहे. जात माहीत नसलेला माल म्हणजे कागद नसलेली गाडी. तीन, कॅप्सूलचे आवरण कशाचे. आतला मासा हलाल आहे म्हणून समाधान मानणाऱ्या गिऱ्हाइकाने बाहेरचे जिलेटिन कोणत्या जनावराचे हेही विचारावे. चार, रोग बरा करण्याचा दावा लेबलवर असेल तर त्याचा पुरावा. आणि पाच, चालू असलेले डॉक्टरांचे औषध अशा कोणत्याही बाटलीसाठी बंद करायला गिऱ्हाइकाला कधीही सांगू नये.

हेच पाच प्रश्न आम्ही भाच्याकडून त्या एजन्सीवाल्यांना विचारवले. दोनदा फोन झाला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला नाही. भाचा काही दिवस नाराज होता. म्हणाला, "मामू, दुसऱ्या कोणीतरी घेतली असेल एजन्सी." घेतली असेल. आम्ही त्याला कारखान्याच्या वेळेनंतर दुकानात बसायला सांगितले. सध्या तो कामगारांच्या गणवेशाच्या ऑर्डर आणतो. नफा थोडा आहे, पण कापड उलगडून दाखवता येते.

खोल पाण्यातील ती मुशी आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष पाहण्याची शक्यता नाही. जेथे सूर्य पोहोचत नाही तेथे ती आपले हिरवे डोळे घेऊन दोन दोन वर्षे एक पिल्लू पोटात वागवते. तिचा सौदा मात्र आपल्या गल्ल्यावर होतो. मुद्दल आपले असो वा दुसऱ्याचे, ते खाऊन कोणाची पेढी चाललेली नाही. हे व्यापाऱ्याला माहीत असते. त्याने ते बाटलीच्या बाबतीतही लक्षात ठेवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.